एकोणिसाव्या शतकातल्या नक्षीदार बंदुका आणि पिस्तुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेमागची अशी एखादी बंदूक पाहिली की नजर आधी सोन्यावर जाते, आणि प्रश्नही सोन्याबद्दलच येतात. पण सोनं अगदी शेवटी चढतं. त्याआधी लोखंड, पोलाद आणि लाकूड यांवर झालेलं काम कच्चं असेल तर वरचं सोनं काही वाचवू शकत नाही. म्हणून खालच्या उत्तरांत सांध्यांबद्दल जास्त आणि चमकेबद्दल थोडं कमी वाचायला मिळेल.

या बंदुका खरंच चालवायच्या होत्या की नुसत्या मिरवायच्या?

दोन्ही. राजाला, सेनापतीला किंवा परक्या दरबारातल्या मुत्सद्द्याला नजराणा म्हणून दिलेली पिस्तुलं बहुधा पेटीतच राहिली. तरीही ती उडतील अशीच घडवलेली असत, कारण न उडणारं पिस्तूल भेट देणं हा अपमान झाला असता. श्रीमंत शिकाऱ्यांच्या दुनळी बंदुका मात्र दर हंगामात भरपूर बार काढायच्या आणि दुरुस्तीला परत यायच्या. तिसरा प्रकार औद्योगिक प्रदर्शनांसाठी केलेल्या नमुन्यांचा. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेलं महाप्रदर्शन आणि १८५५ व १८६७ ची पॅरिसची प्रदर्शनं यांसाठी कारखानदारांनी आपलं सगळं कसब पणाला लावलं. त्या शतकातलं सर्वांत भरगच्च कोरीवकाम या तिसऱ्या प्रकारात सापडतं. सर्वांत चांगलं काम दुसऱ्या प्रकारात सापडतं, असं माझं ठाम मत आहे.

बंदुकीवर एकाच माणसाचं नाव असतं. ती त्यानंच बनवलेली असते का?

जवळजवळ कधीच नाही. नाव असतं पेढीच्या मालकाचं. तो गिऱ्हाईक बघायचा, आराखडा ठरवायचा, तयार माल तपासायचा आणि नापसंत असेल तर परत पाठवायचा. प्रत्यक्ष काम डझनावारी हातांतून जायचं. बर्मिंगहॅममध्ये सेंट मेरी चर्चच्या आसपास बंदूकवाल्यांची अख्खी वस्ती होती. नळी घडवणारा वेगळा, ती आतून कोरणारा वेगळा, कळ कानशीनं घासणारा वेगळा, दस्ता बसवणारा वेगळा. स्क्रू करणारा, नक्षी कोरणारा, नळीला रंग चढवणारा आणि शेवटी सगळं जुळवून देणारा हेही स्वतंत्र. अर्धवट तयार सुटे भाग घेऊन पोरं एका कामशाळेतून दुसऱ्या कामशाळेत धावत असत.

कळ म्हणजे दारूला ठिणगी देणारी यंत्रणा. तिच्यासाठी वुल्व्हरहॅम्प्टन आणि डार्लस्टन ही गावं नावाजलेली होती. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जोसेफ ब्रेझियरच्या कळी लंडनच्या बड्या पेढ्या विकत घेऊन स्वतःच्या नावाखाली लावायच्या. बाहेरच्या पट्टीवर पेढीचं नाव झळकतं, ती पट्टी उलटून पाहिली तर आतल्या बाजूला कधी कधी ब्रेझियरचा छोटा शिक्का दिसतो. बाकीच्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्या लोकांची नावं हरवली याचं मला खरोखर वाईट वाटतं.

बूते हे नाव सारखं कानावर येतं. ते कोण?

निकोला-नोएल बूते, जन्म १७६१, मृत्यू १८३३. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारातल्या एका मोठ्या इमारतीत शस्त्रांचा कारखाना सुरू झाला आणि तिथल्या कलाविभागाची सूत्रं बूतेकडे आली. कारखान्यातून सैन्यासाठी साध्या बंदुका ढिगांनी बाहेर पडत. त्याच आवारात मोजके कारागीर सन्मानाची शस्त्रं घडवत. पराक्रम केलेल्या शिपायाला नावानिशी बंदूक किंवा तलवार बहाल करायची प्रथा तेव्हा होती. पुढं नेपोलियनच्या काळात सेनापतींना, सरदारांना आणि परदेशी राजांना द्यायचे नजराणे इथूनच जात.

बूतेची पिस्तुलं ओळखायला फार अभ्यास लागत नाही. गडद निळ्या नळीवर सोन्याचे तारे विखुरलेले असतात, अक्रोडाच्या किंवा शिसवीच्या मुठीत चांदीचं जडावकाम असतं, मुठीच्या टोकाला चांदीत उठवलेला मुखवटा असतो. इजिप्तच्या मोहिमेनंतर स्फिंक्सही डोकावू लागले. पण नळीच्या आत डोकावलं तर खरा बूते दिसतो. तिथं केसासारख्या बारीक पेचदार खाचा एकमेकींना खेटून कोरलेल्या असतात. गोळी अचूक जावी म्हणून केलेलं हे काम बाहेरून कुणाला दिसणारही नसतं.

१८१५ साली नेपोलियनचा अखेरचा पराभव झाल्यावर प्रशियाचा सेनापती ब्लूखर याच्या सैनिकांनी व्हर्सायचा कारखाना लुटला. त्यानंतर बूतेला पूर्वीचे दिवस पुन्हा कधी दिसले नाहीत.

लंडनच्या बंदुका इतक्या महाग असूनही एवढ्या साध्या कशा?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. लंडनच्या जोसेफ मँटननं (१७६६ ते १८३५) दुनळी शिकारी बंदुकीला जो घाट दिला तोच पुढं जगानं उचलला. तिचं वजन दोन हातांच्या बरोबर मध्ये येतं, खांद्याला लावताच नळी नजरेच्या रेषेत येते, आणि दोन नळ्यांच्या मधल्या उंच पट्टीवरून नेम थेट लागतो. मँटनचा स्वतःचा धंदा १८२६ साली बुडाला, पण त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनी लंडन गाजवलं. जेम्स पर्डी त्यांतलाच. त्यानं १८१४ मध्ये आपलं दुकान थाटलं.

या परंपरेत नक्षी असते ती बारीक वेलबुट्टी आणि मधूनच एखादा गुलाबांचा झुबका. लांबून पोलादावर नुसती करडी झाक वाटते, भिंगाखाली धरल्यावर वेल उलगडतो. श्रीमंती दाखवायची नाही, ज्याला कळतं त्यालाच कळावी, हा त्या गिऱ्हाइकांचा दंडक होता.

एकच गोष्ट जवळून पाहू: स्क्रू. उत्तम लंडन बंदुकीवर दिसणाऱ्या बहुतेक स्क्रूंच्या डोक्यावरची खाच नळीच्या रेषेला समांतर असते. तसं आपोआप होत नाही. कारागीर स्क्रूचं डोकं मुद्दाम उंच ठेवतो, पूर्ण आवळतो, खाच कुठल्या दिशेला यायला हवी ती खूण करतो, मग खाच पाडतो आणि डोकं पट्टीच्या पातळीला येईपर्यंत घासतो. त्यानंतर नक्षीकार वेल कोरतो तो पट्टीवरून थेट स्क्रूच्या डोक्यावर चढून पलीकडे उतरतो. त्या स्क्रूची जागा जन्मभरासाठी ठरली. तो शेजारच्या भोकात घातला तर वेल तुटतो आणि कुणीतरी नको तिथं हात घातल्याचं लगेच दिसतं.

द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांवरही नक्षी फारशी नसते. का?

नेम धरताना नळी चमकली तर डोळ्यांना त्रास, म्हणून इंग्लंडमध्ये नळ्या आठ पैलूंच्या आणि गडद तपकिरी ठेवत. सगळं कौशल्य चापात असायचं. एक बारीकशी जोडकळ आधी ताणून ठेवली की नुसत्या स्पर्शानं चाप सुटे आणि हात हलत नसे. फ्रान्समध्ये द्वंद्वाची आणि निशाणेबाजीची पिस्तुलं बरीच नटलेली दिसतात, विशेषतः १८४० नंतरची.

नळीवर लाटांसारखी किंवा भोवऱ्यांसारखी नक्षी दिसते ती कोरलेली असते का?

नाही. ती धातूच्या पोटातूनच आलेली असते. अशा नळीला दमास्कस नळी म्हणतात. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या आलटून पालटून एकावर एक रचायच्या, भट्टीत तापवून घणानं एकजीव करायच्या आणि त्यांची लांब दांडी ओढायची. ही दांडी लाल तापवून दोरखंडासारखी पिळायची. अशा दोन, तीन, कधी सहापर्यंत पिळलेल्या दांड्या शेजारी शेजारी ठेवून त्यांची एक फीत करायची. ही फीत गजाभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळायची आणि पुन्हा तापवून ठोकत ठोकत तिच्या कडा एकमेकींत मिसळायच्या. या ठोकण्यात एखाद्या ठिकाणी राख किंवा मळी अडकली तर तिथं नळी कायमची कच्ची. मग आतून कोरणं, बाहेरून घासणं. सुरुवातीच्या लोखंडातलं बरंचसं या साऱ्यात जळून आणि खरवडून जायचं.

इथवर नळी नुसती पांढरी दिसते. नक्षी बाहेर येते ती गंजानं. दोन्ही तोंडांना बूच मारून नळीवर आम्लाचं पातळ द्रावण पुसतात आणि दमट जागेत ठेवतात. वर आलेला गंज तारेच्या ब्रशनं हलकेच काढतात, पुन्हा पुसतात, पुन्हा ठेवतात. असे फेरे दिवसच्या दिवस चालतात. लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या रंगाला गंजतात, त्यामुळे पिळांचे वेटोळे हळूहळू उमटत जातात. मनासारखा रंग आला की उकळत्या पाण्यानं गंजाची क्रिया थांबवायची.

या कामाचं सर्वांत मोठं केंद्र बेल्जियममधलं लिएज शहर आणि शेजारचं वेस्द्र नदीचं खोरं. तिथल्या गावांत बापाकडून मुलाकडे फक्त नळ्या घडवण्याचीच विद्या जात असे. इंग्लंड-फ्रान्सच्या कित्येक बड्या पेढ्यांच्या नळ्या तिथून येत. एकसंध पोलादाच्या नळ्या स्वस्त आणि भरवशाच्या मिळू लागल्यावर मागणी उतरली, आणि पहिल्या महायुद्धानं त्या खोऱ्यातला धंदा जवळपास संपवला.

तलवारीच्या पात्यावरचं जौहर, म्हणजे तिथली लाटांसारखी नक्षी, आणि नळीवरची ही नक्षी एकच का?

दिसायला बहिणी, घडण वेगळी. भारतात आणि इराणमध्ये मुशीत वितळवलेल्या पोलादात कार्बनच्या असमान विखुरण्यामुळे जौहर उमटतं. नळीवरची नक्षी दोन धातू पिळून केलेली असते.

पोलादावर सोनं टिकतं कसं? चिकटवतात का?

चिकटवत नाहीत. दोन मुख्य रीती आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली जडवण्याची. नक्षीकार पोलादात कलमानं चर पाडतो आणि चराच्या दोन्ही भिंती आतल्या बाजूला तिरप्या कापतो, म्हणजे चर तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद होतो. तळाला बारीक टोच्या मारून तो खरखरीत करतो. मग शुद्ध सोन्याची तार त्यात ठेवून बोथट छिन्नीनं ठोकतो. सोनं इतकं मऊ असतं की ते तळाशी पसरून कडांखाली शिरतं आणि मग उपटून निघत नाही. उरलेलं घासून पोलादाच्या पातळीला आणायचं, किंवा उठाव हवा असेल तर वर ठेवून त्याच्यावर हरणाची आयाळ, पक्ष्याचं पीस, पानाच्या शिरा कोरायच्या. या रीतीत सोनं भरपूर लागतं आणि हातही तयारीचा लागतो. चराची कड जरा जास्त कापली गेली तर पोलादाचा टवका उडतो आणि तो परत बसवता येत नाही.

दुसरी कोफ्तगरीची. पोलादाचा पृष्ठभाग धारदार सुरीनं आडव्या-उभ्या बारीक रेघांनी खरवडायचा, त्यावर सोन्याची केसासारखी तार किंवा वर्ख दाबायचा आणि घोटायचा. सोनं त्या दात्यांत अडकून बसतं. यात सोनं कमी लागतं, वेलबुट्टी दाट भरता येते, पण वर्षानुवर्षं हाताळलं की पातळ जागी झिजतं आणि खालच्या रेघा दिसू लागतात.

मुलामा ही तिसरीच गोष्ट. पाऱ्यात सोनं कालवून तो लेप धातूवर लावायचा आणि तापवून पारा उडवून द्यायचा. रंग अतिशय दाट येतो. त्या वाफेनं किती कारागिरांचे हात थरथरू लागले आणि आयुष्यं आखूड झाली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साह्यानं मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि पाऱ्याचं काम हळूहळू मागं पडलं.

कोफ्तगरीची केंद्रं कोणती होती?

पंजाबातली सियालकोट आणि गुजरात ही दोन गावं. हे गुजरात म्हणजे पंजाबातलं शहर, राज्य नव्हे. शीख दरबाराच्या काळात तिथं शस्त्रांवर काम चालायचं. १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला, शस्त्रांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि तेच हात डब्या, दौती, तबकं यांवर तीच वेलबुट्टी भरू लागले. शेजारच्या सिंधमध्ये तिथल्या राज्यकर्त्या तालपूर मीरांच्या बंदुका पाहाव्यात: लांबलचक सोनं भरलेली नळी, वळणदार दस्ता आणि त्यात चक्क इंग्लंडहून आणलेली कळ.

युरोपात या कलेचं घर म्हणजे स्पेनमधलं एइबार. तिथल्या सुलोआगा घराण्यातल्या एउसेबिओनं (१८०८ ते १८९८) स्पेनच्या राजघराण्यासाठी बंदुका केल्या आणि १८५१ च्या लंडन प्रदर्शनातही माल मांडला. त्याचा मुलगा प्लासिदो (१८३४ ते १९१०) सोन्या-चांदीच्या या कामात बापाच्याही पुढं गेला. त्यानं बंदुकांपलीकडे पेट्या, फुलदाण्या, तबकं केली. विख्यात चित्रकार इग्नासिओ सुलोआगा हा प्लासिदोचा मुलगा.

कॉकेशसमधल्या कुबाची गावाचा उल्लेख केल्याशिवाय पुढं जाववत नाही. तिथं चांदीवर कोरून त्या चरांत चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांचं काळं मिश्रण वितळवून भरत. काळ्या-पांढऱ्याचा तो खेळ पिस्तुलांच्या मुठींवर फार देखणा दिसतो.

पोलादाचा निळा रंग आणि ते तेलकट इंद्रधनुषी ठिपके कसले?

निळा रंग तापवून येतो. चकचकीत घोटलेलं पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापलं की आधी पिवळट, मग जांभळं आणि मग मोरपंखी निळं होतं. त्या क्षणी उष्णतेतून काढलं नाही तर रंग करडा पडतो. छोटे स्क्रू आणि चाप या रीतीनं निळे करत. हा थर फार पातळ असतो. म्हणूनच मूळ निळाई टिकलेलं पिस्तूल दुर्मीळ.

ठिपक्यांचं काम वेगळं. हाडांचा आणि कातड्याचा कोळसा भरलेल्या बंद पेटीत लोखंडी भाग ठेवून तो तासन्‌तास लाल तापवतात. पृष्ठभागात कार्बन शिरतो. मग सगळं एकदम पाण्यात ओततात. वरची साल काचेसारखी कठीण होते, आतलं लोखंड चिवट राहतं, आणि सालीवर निळे, तपकिरी, गवती रंगांचे ढग उमटतात. मूळ हेतू झीज थांबवण्याचा. या विझवण्यात कधी कधी भाग वाकडा होतो, आणि मग नक्षीकारासकट आधीच्या सगळ्यांची मेहनत वाया जाते, कारण नक्षी त्याआधीच कोरून झालेली असते.

दस्त्याच्या लाकडाला इतकं महत्त्व कशासाठी?

अक्रोडाचं लाकूड बार उडाल्याचा धक्का सोसतं, कापायला गोड असतं आणि घोटल्यावर आतले रंग दाखवतं. खोडाच्या मुळाजवळचा भाग सर्वांत देखणा, तिथं काळ्या रेषा आणि धुरासारखे पट्टे असतात. पण देखणा भाग कमजोरही असू शकतो. म्हणून जाणकार मुठीजवळचे तंतू सरळ आहेत का ते आधी बघतो आणि नक्षीदार भाग खांद्याकडे येऊ देतो. तोडलेला ओंडका वर्षानुवर्षं सुकवावा लागतो, घाई केली तर बंदूक तयार झाल्यावर दस्ता पिळवटतो.

पोलाद लाकडात बसवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. कारागीर कळीच्या पट्टीच्या मागं दिव्याची काजळी लावतो, ती खाचेत दाबतो, काढतो. जिथं काळा डाग उठला तिथं लाकूड टेकतंय. तेवढंच छिन्नीनं खरवडतो, पुन्हा दाबतो. शेवटी खाचेत सगळीकडे सारखा काळा रंग उमटेपर्यंत हे चालतं. त्यानंतर लाकूड आणि लोखंड यांच्या मधे कागदही शिरत नाही. हे काम बंदूक उघडल्याशिवाय दिसत नाही आणि मला ते कुठल्याही सोन्यापेक्षा श्रेष्ठ वाटतं.

मुठीवरची हिऱ्यांसारखी बारीक चौकडी पकड यावी म्हणून असते. वरची झळाळी जवसाच्या तेलाची: रोज थोडं तेल तळहातानं चोळायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं.

घोडे डॉल्फिनच्या किंवा सापाच्या आकाराचे का करत?

घोडा म्हणजे ठिणगी देण्यासाठी आपटणारा भाग. तो डोळ्यांसमोर असतो आणि त्याला आधीच वळण असतं, त्यामुळे शिल्पकाराला ती हक्काची जागा. कळ जशी बदलली तशी नक्षीही सरकत गेली. चकमकीच्या कळीत गार, पोलादाची झडप आणि रंजकाची, म्हणजे आधी पेट घेणाऱ्या चिमूटभर दारूची, वाटी यांची गर्दी होती. १८०७ साली स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्साइथ या पाद्र्यानं आघातानं पेटणाऱ्या द्रव्याचं पेटंट घेतलं. रंजकाचा भपका दिसताच पाणपक्षी उडून जात, ही त्याची अडचण होती. पुढं असं द्रव्य भरलेली तांब्याची छोटी टोपी आली, वाटी आणि झडप गेली आणि पट्टी नक्षीला मोकळी झाली. १८७५ मध्ये अँसन आणि डीली यांनी घोडा पोटात दडवणारी रचना केली. घोडा दिसेनासा झाला तेव्हा नक्षीकाराच्या हातून एक आवडती जागा गेली.

अमेरिकेत असं काम होत होतं का? तिथं तर सगळं यंत्रावर बनायचं.

होत होतं, आणि यंत्रामुळेच त्याला वेगळं रूप आलं. सॅम्युएल कोल्टच्या रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या गोलकावर जहाजांची लढाई दिसते, ती नोटांचे ठसे कोरणाऱ्या वॉटरमन ऑर्म्सबीच्या एका मूळ ठशावरून दाबून उमटवलेली आहे. प्रत्येक नगावर तेच चित्र. पण खास नजराण्यांसाठी कोल्ट हातानं कोरून घ्यायचा. प्रशियात जन्मलेला गुस्ताव यंग हा त्याच्याकडचा नामांकित नक्षीकार, पुढं त्यानं स्मिथ अँड वेसनसाठी काम केलं. क्रिमियाच्या युद्धाच्या सुमारास कोल्टनं तुर्की सुलतानाला आणि रशियाच्या झारला, म्हणजे एकमेकांशी लढणाऱ्या दोघांनाही, सोनं जडवलेली रिव्हॉल्व्हरं भेट दिली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १८५३ च्या सुमाराचं असं एक ड्रॅगून रिव्हॉल्व्हर आहे.

न्यूयॉर्कचा एल. डी. निम्श्के हा दुसरा मोठा नक्षीकार. कोरून झालेल्या भागावर शाई लावून तो कागदावर ठसा घ्यायचा आणि जपून ठेवायचा. त्या ठशांमुळे आज कित्येक बंदुकांवरचा हात ओळखता येतो. शतकाच्या शेवटी टिफनी या जवाहिऱ्यांनी स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरांना चांदीच्या मुठी चढवल्या.

पेटीवरून बंदूक कुठली ते कळतं का?

पुष्कळदा कळतं. इंग्लिश पेटीत हिरव्या कापडानं मढवलेल्या सरळ भिंतींचे कप्पे असतात. फ्रेंच पेटीत प्रत्येक वस्तूच्या आकाराचीच खोबण असते आणि पिस्तूल तिच्यात अर्धं बुडून बसतं. दारूची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, गज, छोटा लाकडी हातोडा हे सगळं मूळचं असेल तर जोडीचं मोल कितीतरी वाढतं.

पक्षी गाणारं पिस्तूल हे खरं की थाप?

खरं, फक्त ती बंदूक नव्हे. जिनीव्हाच्या घड्याळजींनी सोनं, मिना आणि मोती लावून पिस्तुलाच्या आकाराची यांत्रिक खेळणी केली. चाप ओढला की नळीच्या तोंडातून इवलासा पक्षी बाहेर येऊन पंख फडफडवत गातो. रोशा बंधूंचं काम यात अव्वल.

नकली किंवा नंतर नटवलेली बंदूक कशी ओळखायची?

साध्या कोल्टवर नंतर नक्षी कोरून ती जुनी म्हणून खपवणं हा जुना धंदा आहे. मूळ कामात नक्षी आधी आणि रंग किंवा कठीण साल नंतर, त्यामुळे चरांच्या तळाशीही तोच जुना रंग असतो. नंतर कोरलेल्या चरांत धातू उघडा दिसतो किंवा सगळ्या पृष्ठभागाला नव्यानं रंग दिलेला असतो. शिक्के आणि क्रमांक यांच्याकडे बघा: खूप घासलेल्या बंदुकीवर अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतात. वेलीची रेघ एखाद्या शिक्क्यावरून आरपार गेली असेल तर शंका घ्या.

दमास्कसचीही नक्कल झाली. शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त बंदुकांच्या साध्या नळ्यांवर नुसत्या आम्लानं नक्षी उमटवत. खऱ्या नळीत ती नक्षी पट्टीखाली, कडेपर्यंत, सगळीकडे सलग जाते. शिवाय बड्या इंग्लिश पेढ्यांच्या नावांशी मिळतीजुळती नावं घातलेला मालही बाजारात भरपूर होता. लिएज किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे शिक्के अशा वेळी नावापेक्षा जास्त खरं बोलतात. बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ मध्ये सुरू झालं, त्यामुळे शिक्क्यांवरून काळही बांधता येतो.

घरात अशी जुनी बंदूक आहे. उडवून पाहू का?

मुळीच नाही. दमास्कस नळीत जोडांच्या आत गंज शिरलेला असतो, तो बाहेरून दिसत नाही, आणि आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब तिला सोसणार नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ठासणीची बंदूक भरलेलीच पेटीत राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत, आणि जुनी काळी दारू कोरडी असेल तर अजूनही पेटते. जाणकार माणूस नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून आत लाकडी गज सरकवतो, तोंडाशी खूण करतो आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून बघतो. गज मागच्या टोकापासून बोटभर जरी अलीकडे थांबला तरी आत काहीतरी आहे असं धरायचं. हे काम शस्त्रांच्या जाणकाराकडूनच करून घ्या. बाळगण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, तेही आधी विचारा.

साफसफाई कशी करावी?

शक्य तितकी कमी. लोकांनी हौसेनं चकाकवून जेवढ्या नळ्यांचा मूळ रंग घालवला तेवढा शंभर वर्षांच्या हवेनंही घालवला नसेल. घामातलं मीठ पोलादावर बोटांचे ठसे कोरून ठेवतं, म्हणून हातमोजे घाला. धातूला मेणाचा पातळ हात पुरतो. तेल ओघळून दस्त्यात मुरलं तर लाकूड काळं आणि मऊ पडतं, म्हणून बंदूक तेल लावून उभी ठेवू नका. हवेतला ओलावा एकसारखा राहू द्या. स्क्रूला तर बाजारातला साधा पेचकस लावूच नका.

मूठ हस्तिदंती असेल तर?

विकण्याआधी किंवा परदेशी नेण्याआधी चौकशी करा. हस्तिदंताच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि जुन्या वस्तूलाही कागदपत्रं लागतात.

किंमत कशावर ठरते?

घडण, मूळ रंग किती उरलाय आणि ती कुणाच्या हातात होती, यांवर. तिसरा मुद्दा पहिल्या दोघांना सहज मागं टाकतो. फ्रेंच सेनानी लाफायेतनं दक्षिण अमेरिकेचा मुक्तिनायक सिमोन बोलिव्हार याला दिलेली बूतेची पिस्तुलांची जोडी २००४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सोळा लाख डॉलरच्या वर गेली. पॅरिसच्या लुई-मारँ गोसेनं नेपोलियनसाठी केलेली जोडी जुलै २०२४ मध्ये फ्रान्समध्ये १६ लाख ९० हजार युरोला विकली गेली. गोसेचं नाव आज किती जणांना माहीत आहे? पण १८१४ मध्ये गादी सोडताना नेपोलियन याच पिस्तुलांनी स्वतःला संपवणार होता असं सांगतात, आणि ती त्यानं आपल्या विश्वासू कोलँकूरला दिली. फ्रेंच सरकारनं ती राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली आहेत.

असं काम आज कुणी करतं का?

करतात. लंडनमध्ये पर्डी आणि हॉलंड अँड हॉलंड अजून हातानं बंदुका जुळवतात. इटलीतलं गार्दोने व्हाल ट्रोंपिया, ऑस्ट्रियातलं फेरलाख आणि लिएज इथं नक्षीकार आहेत. आजच्या नक्षीकाराजवळ सूक्ष्मदर्शक असतो, हवेच्या दाबावर चालणारं कलम असतं, आणि बंदुकीवर तो स्वतःची सही कोरतो.